एलीम आणि रफीदीम

यंदाच्या उन्हाळ्यांत आमच्या मंडळींतील एका शेतकरी बांधवाची विहीर आटली. त्यापूर्वींच त्याचा एक बैल दगावला होता. गांवकरी त्यास टोचून बोलूं लागले, "नव्या देवानें तुला काय दिलें?" तो आम्हांकडे येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, माझें कांहीं चुकलें म्हणून देव मला सोडून गेला काय?"

आम्हीं लागलींच उत्तर दिलें नाहीं. सांत्वनाचीं वाक्यें आम्हां उपदेशकांच्या जिभेवर फार लौकर येतात, आणि आटलेल्या विहिरीच्या कांठीं तीं कोरडींच वाटतात. आम्हीं निर्गमाचें पुस्तक उघडलें.

इस्राएल लोक तांबडा समुद्र उतरून निघाले, तों तीन दिवस पाणी नाहीं. मारा येथें मिळालें तें कडू. पुढें एलीम, तेथें १२ झरे व ७० खजुरीचीं झाडें. त्यानंतर कांहीं मजला करून ते रफीदीमास आले, आणि तेथें प्यावयास पाणी नव्हतें. देव आपणांमध्यें आहे कीं नाहीं, अशी शंका त्यांनीं तेथेंच घेतली. परंतु शास्त्र स्पष्ट सांगतें कीं, ते परमेश्वराच्या आज्ञेप्रमाणेंच तेथें पोहोंचले होते. वाट चुकून नव्हे! तसेच एलीमचे झरेही त्यांच्या पुण्याईनें फुटले नव्हते. मारा येथें तर ते कुरकुर करीत होते, तरी देवानें त्यांस सावलींत नेलें. संकट म्हणजे पापाचेंच फळ, असें ईयोबाचे मित्रही मानीत, आणि ते चुकले.

खरें सांगावयाचें तर, देवामागें चालण्याची परीक्षा रफीदीमाहून एलीमांत अधिक कठीण. गणनेच्या ९ व्या अध्यायांत मेघाचें वर्णन आहे. तो दोन दिवस राहो, महिनाभर राहो कीं वर्षभर, मंडपावर असे तोंवर लोक तळ देऊन राहत. तो उठला कीं तंबू उपटीत, मग दिवस असो वा रात्र. जरा मनांत आणा: मुलें झाडाखालीं खेळत आहेत, बायकांनीं नुकतीच चूल मांडली आहे, आणि मेघ उठतो! आमचा अनुभव असा कीं, दुष्काळांत मंदिर भरतें, आणि ज्वारी चांगली पिकली म्हणजे पुढच्या सतरंज्या रिकाम्या राहतात. यांत आम्ही पाळकही आलों. बदलीचें पत्र आलें तेव्हां, मेघ कांहीं नीट दिसला नाहीं, असें म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला होता.

केडगांवच्या पंडिता रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली. आईचें काम पुढें चालवील अशी जिच्याविषयीं आशा, तीच गेली. तरी शास्त्राच्या मराठी भाषांतराचें काम बाईंनीं हातचें टाकलें नाहीं. हें दुःख कां आलें याचा उलगडा होईपर्यंत त्या थांबल्या नाहींत. १९२२ च्या एप्रिलांत त्यांचेंही देहावसान झालें.

आमच्या बांधवासही आम्ही कारण सांगूं शकलों नाहीं. मंडळींतील चौघे जण त्याच्याबरोबर गाळ काढावयास विहिरींत उतरले. आणखी एक परस खोदून झालें आहे. पाणी अद्याप लागलें नाहीं. गेल्या रविवारीं भजनास टाळ मात्र त्यानेंच धरले होते.