चिखलातून की कडेने?

आजचा श्लोक गीता २.१४. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ते सोस, असं भगवान अर्जुनाला सांगतात. या सोसण्याला शब्द आहे तितिक्षा.

आपण त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'गप्प बसा, जाईल' एवढाच घेतो. मला तो अपुरा वाटतो. उदाहरण जरा लांबचं आहे, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचं. तिथले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे. मार्च-एप्रिलमध्ये, वसंताच्या तोंडावर, बर्फ आणि वरची माती वितळते, पण खालची जमीन अजून गोठलेलीच असते. पाणी मुरणार कुठे? रस्त्याचा नुसता राडा होतो, गाड्या रुतून बसतात. लोक याला 'मड सीझन' म्हणतात, चार ऋतूंतला पाचवा. जड ट्रकांना या रस्त्यांवर तेवढ्यापुरती बंदी असते.

डोंगरवाटांबद्दलची सूचना तर मला फारच विचार करायला लावते. ओल्या वाटांवर शक्यतो जाऊच नका. गेलात आणि चिखल लागलाच, तर कडेने नको, सरळ मधून चाला. का? बूट वाचवायला एकजण कडेच्या गवतावरून जातो, मग दुसरा त्याच्याही कडेने. वाट रुंदावते, झाडोरा मरतो, माती वाहून जाते. चिखल मात्र तिथेच.

विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या आहे: प्रतिकार न करता, चिंता-विलाप न करता दुःख सोसणं. मग गमबूटही घालायचे नाहीत का? घाला की! त्याने कुणाचं काही बिघडत नाही. कडेने जाण्यात बिघडतं. माझ्या वाट्याचा त्रास मी फक्त दुसऱ्याच्या अंगावर (इथे बिचाऱ्या गवताच्या) ढकलतो. ऑफिसातलं नावडतं काम ज्युनिअरकडे सरकवायचं, आजोबांच्या आजारपणातली जागरणं रोज आईवरच टाकायची, आणि वर म्हणायचं, 'मी हल्ली खूप शांत असतो.' कडेने चालणाऱ्याचे बूट स्वच्छच असतात.

आणि हो, अन्याय मुकाट सोसा असं इथे म्हटलेलं नाही. ज्याला हा श्लोक सांगितला तो पुढे लढायलाच उभा राहिला.

ट्रकवाल्याचा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. सगळ्यांच्या रस्त्यासाठी त्याने थांबावं, हे पटतं. पण त्याच्या बुडालेल्या रोजीतला थोडा वाटा रस्ता वापरणाऱ्यांनी उचलायला नको का? तुम्हाला काय वाटतं, कळवा. उद्या श्लोक १५.