अख्खं यान, अख्खं राज्य

सांगवीत राहणाऱ्या माणसाचं काम बहुधा कुठल्या तरी मोठ्या वस्तूच्या लहानशा भागाशी असतं. भोसरीत कुणी ब्रेकचा ब्रॅकेट मशीनला लावतो, चाकणला कुणी वायरिंग हार्नेसचे कनेक्टर तपासते, हिंजवडीत कुणी परदेशातल्या एखाद्या बँकेच्या प्रणालीतलं एकच मॉड्यूल वर्षानुवर्षं सांभाळतो. मी टूलरूममधला. फिक्स्चरची ड्रॉइंगं काढण्यात माझी नोकरी गेली. आपलं फिक्स्चर ज्या भागाला धरून ठेवतं तो भाग गाडीत कुठे बसतो हे मला ठाऊक असे. पण कागदावरच्या पहिल्या रेघेपासून रस्त्यावर येईपर्यंत एखादी गाडी माझ्या हातून गेली, असं सांगणारा माणूस पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात मला कधी भेटला नाही. भेटणारही नाही. काम हजारो हातांत वाटलं गेलं म्हणूनच गाडी परवडते आणि नीट चालते.

याच माणसांतली काही रात्री जेवणं आटोपल्यावर संगणकावर अंतराळयानं बांधतात. काही जण अकराव्या शतकातली राज्यं चालवतात. कृष्णा चौकात सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या तरुणांच्या बोलण्यातून कक्षा, टप्पा, वेढा, वारस असले शब्द कानावर येतात आणि ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना वाटतं, ही पोरं अजून मोठी झालेली नाहीत. मला तसं वाटत नाही. दिवसभर तुकडा हाताळणाऱ्याला एखादी अख्खी गोष्ट एकदा तरी स्वतःच्या डोक्यात आणि हातात मावावी असं वाटतं. ही भूक मला फार प्रौढ वाटते, आणि या छंदाकडे त्या नजरेने पाहायला हवं असं माझं म्हणणं आहे.

यान बांधण्याच्या खेळांत सर्वांत नावाजलेला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. त्याचा जन्म अंतराळसंस्थेत झालेला नाही. मेक्सिको सिटीत स्क्वाड नावाची विपणनाची कामं करणारी एक कंपनी होती. तिथे नोकरी करणाऱ्या फेलिपे फालांगे या तरुणाला असा खेळ करायचा होता आणि कंपनीने तो त्याला करू दिला. २०११ साली पहिली आवृत्ती लोकांपुढे आली, २०१५ साली पूर्ण खेळ. पोरवयात फालांगे शोभेच्या बाणांत फेरफार करून त्यांवर पत्र्याच्या छोट्या बाहुल्या बसवायचा आणि उडवायचा. त्या बाहुल्यांना तो कर्बल म्हणायचा. खेळातल्या हिरव्या अंतराळवीरांना पुढे तेच नाव मिळालं. दिवाळीत बाटलीत बाण उभा करून त्याला काहीतरी बांधून पाहणारी पोरं आपल्याकडेही गल्लोगल्ली असतात, त्यामुळे हा उगम मला अगदी घरचा वाटतो.

खेळात टाक्या, इंजिनं, पंख, पॅराशूट, जोडणीच्या कड्या असे सुटे भाग मिळतात. ते कसे रचायचे हे कुणी सांगत नाही. रचलं, उडवलं की भौतिकशास्त्र आपला निकाल देतं. पहिलं यान बहुतेकांचं तळावरच कलंडतं. मग कळतं की वजनाचा मध्य आणि हवेच्या दाबाचा मध्य यांचं काही नातं आहे. त्यानंतर इंधनाची गाठ पडते. जास्त लांब जायचं तर जास्त इंधन हवं, आणि ते इंधन वर न्यायला आणखी इंधन हवं. कलुगा या रशियन गावात शिकवणाऱ्या, जवळजवळ बहिऱ्या असलेल्या त्सिओल्कोव्स्की या मास्तरांनी १९०३ साली हे गणित प्रसिद्ध केलं. वेगात होणारी वाढ वस्तुमानांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर अवलंबून असते, हे वाक्य अकरावी-बारावीत वाचून कुणाच्या अंगात भिनत नाही. टाकी दुप्पट केली तरी यान दुप्पट लांब गेलं नाही, हे पडद्यावर पाहिलं की भिनतं. डिप्लोमा करून थेट शॉप फ्लोअरवर लागलेली पोरं लॉगरिदमविषयी आपुलकीने बोलताना मी या खेळापायीच ऐकली.

मंगळयानाचा प्रवास अशा खेळाडूंना मुळापासून समजतो. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी, भाऊबिजेच्या दुपारी, श्रीहरिकोट्याहून ते निघालं. पीएसएलव्हीचं उड्डाणाच्या वेळचं वजन सुमारे ३२० टन, आणि वर पाठवायचं यान १,३३७ किलोचं. त्यातही ८५२ किलो इंधन. या प्रक्षेपकाला यान थेट मंगळाच्या वाटेला लावणं शक्य नव्हतं. यानावरचं इंजिन ४४० न्यूटनचं, म्हणजे साधारण ४५ किलोचं वजन पेलण्याइतक्या जोराचं. म्हणून इस्रोने पृथ्वीभोवती लांबट कक्षेत घिरट्या घेत, दर वेळी यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की इंजिन पेटवलं आणि कक्षेचं दुसरं टोक दूर दूर ढकललं. यान वेगात असताना जाळलेलं इंधन जास्त फळ देतं, हे त्यामागचं तत्त्व. ११ नोव्हेंबरच्या खेपेला सेकंदाला १३० मीटर वेग वाढायला हवा होता, वाढला फक्त ३५. दुसऱ्या दिवशी जादाचं एक प्रज्वलन करून ती तूट भरून काढली. मग १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर सुमारे २२ मिनिटं इंजिन चाललं आणि यान पृथ्वीला सोडून निघालं. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत शिरलं. वर्तमानपत्रांनी या साऱ्याच्या स्वस्ताईचं कौतुक केलं. ज्याने दुबळं इंजिन लावून घिरट्या घेत यान दूर नेलेलं असतं, त्याला मात्र त्या ३५ मीटरपाशी धस्स होतं. पुढे टाकीत किती उरलं असेल, हे तो मनातल्या मनात मोजू लागतो.

याच पीएसएलव्हीच्या मोटरांची आवरणं इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला बनत आली आहेत. मुळात साखर कारखान्यांची यंत्रं करणाऱ्या गावात. तिथल्या वेल्डरने चोख जोड दिला, तपासनिसाने क्ष-किरणांनी तो पारखला, तरी त्यांच्याही वाट्याला तुकडाच आला. हे कमी लेखण्यासाठी सांगत नाही. तुकडा चोख करणाऱ्यांवरच अख्खं यान उभं असतं. खेळणारा पोरगा ते जोड देऊ शकणार नाही. पण तो जोड का इतका चोख हवा, हे त्याला आता विचारावं लागत नाही.

या खेळात आणखी एक गोष्ट मिळते जी कारखान्यात मिळू शकत नाही. ती म्हणजे मोडून पाहण्याची मोकळीक. आमच्याकडे रिजेक्शन दर दहा लाख नगांमागे मोजतात. चुकीचा भाग बसूच नये अशी फिक्स्चरची रचना करणं हेच माझं काम होतं. चूक घडण्याची वाटच बंद करायची, हा या पट्ट्याचा धर्म आहे आणि तो योग्य आहे, कारण ब्रेक निकामी झाला तर माणूस मरतो. पण ज्याला आयुष्यभर चूक करूच दिली जात नाही, त्याला यंत्र कुठवर ताण सहन करतं हे कधी कळत नाही. रात्री तो यान मुद्दाम वेगाने वातावरणात घुसवतो, ते कुठल्या जोडाला तुटतं ते पाहतो, भाग बदलतो, पुन्हा घुसवतो. यंत्राशी इतक्या मोकळेपणाने बोलायला त्याला दिवसा कुणी देत नाही.

खेळातलं विश्व सोपं केलेलं आहे, हे खरं. तिथल्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, आपल्या पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहून थोडी कमी. एका वेळी एकच गोल यानाला ओढतो, खऱ्या आकाशात सगळेच ओढत असतात. तरी जो नियम दिला आहे तो खेळ शेवटपर्यंत पाळतो. अख्खं यान डोक्यात मावल्याचं समाधान इथे फसवं नाही.

राज्यांच्या खेळांकडे वळण्याआधी दिवाळीतल्या किल्ल्याचं बोललं पाहिजे, कारण मराठी घरात या दोन्ही छंदांची पहिली इयत्ता तीच आहे. सहामाही परीक्षा संपली की जुन्या सांगवीतल्या अंगणांत आणि नव्या सांगवीतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये विटा, दगड, गोणपाट आणि चिखल गोळा होतो. हळीव पेरतात, तो चार दिवसांत हिरवा होतो. सिंहासनावर महाराज बसतात, तटावर मावळे उभे राहतात. त्याआधी मात्र पोरांत भांडणं होतात. महादरवाजा समोरून दिसावा की बुरुजांच्या आड लपावा, टाकं कुठे खोदायचं, चोरवाट कुठल्या बाजूने उतरवायची. त्या भांडणात बांधकाम आणि लढाई वेगळी नसते. तट ढासळू नये हा प्रश्न आणि शत्रू वर येऊ नये हा प्रश्न एकाच चिखलात एकाच वेळी सोडवला जातो. मोठेपणी त्यातला एक धागा यानाकडे गेला, दुसरा राज्याकडे. ११ जुलै २०२५ रोजी लोहगड, राजगड, रायगड धरून मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद मोठा आहेच. पार्किंगमधली ही शाळाही तितक्याच काळजीने टिकवावी असं मला वाटतं, कारण तयार किल्ले विकत आणून मांडायची पद्धत वाढते आहे आणि त्यात भांडायला काही उरत नाही.

राज्यांचे खेळ पुण्यात पोहोचले ते सायबर कॅफे आणि हॉस्टेलांतून. १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग खेळून एक पिढी लाकूड, धान्य, सोनं आणि दगड यांचा हिशेब शिकली. पुढे स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सने ‘क्रुसेडर किंग्ज’ काढला. २०१४ साली त्याच्या दुसऱ्या भागाच्या नकाशावर भारत आला आणि २०२० साली तिसरा भाग आला. इथे आपण देश चालवत नाही, घराणं चालवतो. राजा म्हातारा होतो, मुलं भांडतात, राज्याच्या वाटण्या होतात. लढाईपेक्षा लग्नं जास्त महत्त्वाची ठरतात. सातारा आणि कोल्हापूर वेगळे का झाले आणि १७३१ साली वारणेचा तह कशासाठी करावा लागला, हे सनावळ्या पाठ करून ज्यांना उमगलं नव्हतं, त्यांना स्वतःचं राज्य दोन वारसांत फाटलं की उमगतं. लढायांच्या पलीकडचा इतिहास दाखवण्याचं मोठं काम हा खेळ करतो.

तरीही यानाच्या खेळावर मी जितका विश्वास टाकतो तितका या खेळांवर टाकत नाही. कारण पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे आकडे. तिजोरीत इतकं, सैन्य इतकं, वेढ्यात धान्य इतके महिने पुरेल. ते आकडे नेहमी खरे असतात. असे आकडे कुठल्याही राजाला कधी मिळालेले नाहीत.

१२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून आला. रामदेवराय यादव किल्ल्यात अडकला, सैन्य घेऊन मुलगा शंकरदेव बाहेर होता. घाईघाईने गडावर पोती चढवली होती. इतिहासकार फरिश्ता लिहितो की वेढा पडल्यावर ती उघडली तेव्हा धान्याऐवजी मीठ निघालं. हा प्रसंग आमच्या पट्ट्यातल्या स्टोअरकीपरला समजावून सांगावा लागत नाही. सिस्टीममध्ये ४०० नग दिसतात, बिन मात्र रिकामा असतो, आणि लाइन थांबते. म्हणून तर वर्षाकाठी सगळे बिन उघडून प्रत्यक्ष मोजणी करतात. देवगिरीचं दुर्ग म्हणून सामर्थ्य अफाट होतं. कमी पडली ती मोजणी. खेळात पोत्यात मीठ कधीच निघत नाही.

दुसरं उदाहरण तर इथलंच. १६६० साली शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा भुईकोट. उंचीचा आधार नाही, भोवती खंदक तेवढा. फिरंगोजी नरसाळ्याने तो जून ते ऑगस्ट असा सुमारे ५६ दिवस झुंजवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच मोगल आत शिरू शकले. त्याच पावसाळ्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यात होते आणि जुलैत बाजीप्रभूंनी खिंड लढवली. खेळाडूला हे दोन्ही वेढे एका नकाशावर शेजारी दिसतात आणि तो लगेच ठरवतो की चाकणला कुमक पाठवणं परवडणार नाही. फिरंगोजीपुढे असा नकाशा नव्हता. पावसात भिजत आलेला एखादा जासूद, त्याची चार दिवस जुनी बातमी, ती खरी की खोटी हा संशय, आणि संध्याकाळी तटावर उभी राहणारी दमलेली माणसं, एवढ्यावर त्याला रोज ठरवायचं होतं की उद्याही लढायचं. त्याचं शौर्य या न दिसण्यात आहे. वरून सगळं दाखवणाऱ्या खेळात ते शौर्य नुसता एक उशीर म्हणून मोजलं जातं, आणि हे मला सलतं.

आपल्या जुन्या कारभाऱ्यांना हे न दिसणं नीट ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरच्या पाण्याविषयी सांगितलं आहे की एकाच झऱ्यावर विसंबू नये, टाकी राखून ठेवावीत, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो. आजचं पाणी उद्या असेलच असं नाही, हे धरून चालणारी ही नजर आहे. अख्खं राज्य कुणाच्याच डोक्यात मावत नाही, हे त्यांनी कारभाराचं गृहीतक मानलं होतं. यान आणि राज्य यांत मला हा फरक वाटतो. यानाच्या बाबतीत अख्खं पाहण्याची भूक भागू शकते. राज्याच्या बाबतीत ती भागल्याचा फक्त भास होतो, आणि ज्याला तो भास आवडू लागतो, त्याला जिवंत माणसंही कोपऱ्यातल्या आकड्यांसारखी दिसू लागण्याचा धोका आहे.

म्हणून मला एक खेळ हवा आहे आणि तो पुण्यातच व्हायला हवा. कसबी माणसं इथे आहेत. नॉडिंग हेड्स या पुण्यातल्या छोट्या चमूने २०२० साली ‘राजी’ हा खेळ जगापुढे आणून ते दाखवून दिलं आहे. माझ्या मनातल्या खेळात एकच किल्ला असावा, चाकणचा, आणि जून १६६० पासूनचे ५६ दिवस. वरून दिसणारा नकाशा नको. बुरुजावरून जेवढं दिसेल तेवढंच दिसावं, पावसात त्याहूनही कमी. धान्याचा आकडा कोठीवाल्याने सांगितलेला असावा, आणि पोतं उघडून पाहायचं तर त्यात एक माणूस आणि अर्धा दिवस जावा. जासुदांच्या बातम्या एकमेकींना छेद देणाऱ्या असाव्यात. जमिनीखालून सुरुंग खणला जात असल्याचा आवाज येतो का, हे ऐकायला माणसं बसवावी लागावीत आणि तेवढी तटावर कमी व्हावीत. तट, खंदक आणि बुरूज यांच्या बाबतीत मात्र यानाच्या खेळाइतकंच काटेकोर भौतिकशास्त्र असावं, दगड खऱ्या दगडासारखा ढासळावा. त्यासाठी लागणारी मोजमापं चाकणच्या वस्तीत उरलेल्या तटापासून आजही घेता येतील, आणि ड्रॉइंगं काढायला मी तयार आहे.