मजुरीवर खेळणारा माणूस

पावसाळा सरला की चौल-रेवदंड्यात प्रकाशझोतातल्या कबड्डीचे दिवस येतात. त्या दिवसांत वाडीवाडीतून एकच प्रश्न ऐकू येतो, 'पोरगा खेळतो चांगला, पण त्यानं पोट भरतं का?' बापांची ही काळजी खरी आहे. मला खुपते ती तिच्याआड दडलेली समजूत. गावासाठी, मंडळासाठी खेळावं, पैशाचं नाव काढू नये, खेळाचा मोबदला मागणं हलकं, असं आपण मानत आलो. ही समजूत कुणाच्या सोयीची होती, हे पाहायचं तर क्रिकेटपटू पालवणकर बाळूंकडे वळावं लागतं.

घराणं रत्नागिरीजवळच्या पालवणचं, जात चांभार, वडील फौजेत. बाळूंचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा. पुण्यात पोरवयातच ते पारशांच्या क्रिकेट क्लबात कामाला लागले आणि पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर गेले. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, रेषा आखायच्या आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा गोलंदाजी करायची. त्या काळचा नामांकित फलंदाज ग्रेग याला बाद केलं की आठ आणे मिळत, असं सांगतात. तास न् तास चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हाती फलंदाजीसाठी बॅट मात्र तिथे कुणी दिली नाही. डावखुऱ्या फिरकीवरची त्यांची हुकमत या चार रुपयांच्या चाकरीत घडली. आपल्या मुलखात खेळून मजुरी मिळवणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांची गणना करायला हवी.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळू संघात आले. मैदानात सगळे त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र ते पॅव्हेलियनबाहेर उभे, हातात मातीचं भांडं. जेवणाचं पानही वेगळं. पुढे ते मुंबईला गेले, रेल्वेत नोकरी केली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळले. 1906 साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांच्या संघाला हरवलं, त्या हिंदू संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही. अखिल भारतीय संघाच्या 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाकीचा संघ बहुतेक सामने हरत असताना बाळूंनी एकूण 114 बळी घेतले.

ज्या इंग्लंडात हे बळी मिळाले, तिथेही पैसे घेऊन खेळणारा आणि हौशी 'जंटलमन' यांची कपडे बदलण्याची खोली वेगळी असे, कित्येक ठिकाणी मैदानात उतरायचं फाटकही वेगळं. हा भेद 1962 पर्यंत टिकला. घरची शेतीवाडी, इस्टेट असेल त्याला फुकट खेळणं परवडतं. ज्याला परवडत नाही त्याला कमी लेखलं, की मैदान आपसूक वरच्यांचं राहतं. हौशीपणाच्या थोरवीचं मूळ मला यात दिसतं.

त्याच सुमाराला कॅनडात बर्फावरच्या हॉकीत फ्रेड टेलर नावाचा खेळाडू गाजत होता. ओटावाच्या संघाने त्याला पैशांबरोबर इमिग्रेशन खात्यातली सरकारी नोकरीही मिळवून दिली. 1910 मध्ये रेनफ्रू नावाच्या छोट्या गावाच्या संघाने त्याला जेमतेम दोन महिन्यांच्या हंगामासाठी 5,250 डॉलर मोजले. 1914 साली 'कोमागाता मारू' जहाज 376 हिंदी प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला लागलं, तेव्हा त्यावर चढलेला पहिला अधिकारी हाच टेलर. त्यातल्या बहुतेकांना कॅनडाने उतरू दिलं नाही. खेळामुळे लाभलेल्या नोकरीने एका खेळाडूला दारावरचा अंमलदार केलं, आणि इकडे बाळू अजून दाराबाहेरच होते.

कारण मजुरीने बाळूंना मैदान मिळालं, मान मिळाला नाही. गुणवत्तेने हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांचं होतं. वर्षामागून वर्षं ते सवर्ण खेळाडूंकडे गेलं. 1920 साली शिवराम आणि विठ्ठल या भावांनी उघड निषेध करून संघातून अंग काढून घेतलं. अखेर 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. पैसा पुरेसा नव्हता हे यातून दिसतंच, पण ते चार रुपये नसते तर बाळूंच्या हाती चेंडू आलाच नसता, हेही तितकंच खरं.

आपल्या कबड्डीतही खेळाडूला जगवलं ते नोकरीने. पोलीस, रेल्वे, बँका, कंपन्या यांचे संघ 'व्यावसायिक गटा'त खेळतात आणि त्या भरवशावर कित्येक घरं उभी राहिली. 2014 मध्ये प्रो कबड्डी लीग आली. पहिल्या लिलावात राकेश कुमारला मिळालेले 12 लाख 80 हजार तेव्हा डोळे दिपवणारे वाटले, 2022 साली पवन सेहरावतची बोली सव्वादोन कोटींच्या वर गेली. तिथवर पोचणारे मोजकेच. पकडीत गुडघ्याचं लिगामेंट तुटून वर्षभर घरी बसणारा पोरगा गावोगावी सापडतो, आणि त्याच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढतो तो बाप.

म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या मंडळांना माझं एवढंच सांगणं आहे. मंडप, दिवे, पाहुण्यांचे हारतुरे यांच्याआधी खेळणाऱ्यांचा विमा उतरवा. बक्षिसाची रक्कम मंडळाच्या खात्यात न ठेवता खेळाडूंत वाटा. आणि एखाद्या पोराने मानधन विचारलं, तर त्याला लोभी म्हणू नका.