निराधारता : स्वीकारलेली आणि लादलेली

भिक्षुकाने उद्याची चिंता वाहू नये, हा आपला आचार. मग प्रापंचिकाने उद्याच्या भाकरीची निश्चिती मागणे, हे अश्रद्धेचे लक्षण मानावे काय? या प्रश्नाचा निर्णय शब्दावर न करता प्रत्यक्षावर करणे उचित होय.

घोड व भीमा या नद्यांमधील शिरूर आणि भीमेपलीकडील दौंड, हे दोन्ही तालुके अवर्षणाचे. जेथे कालवा पोहोचला तेथे ऊस उभा राहिला. जेथे पोहोचला नाही तेथे सारा भरवसा पावसावर. १९७२ च्या दुष्काळात जिरायती गावांतील माणसे खडी फोडावयास आणि पाझर तलावांची माती वाहावयास गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष लोक होते. परंतु ते काम म्हणजे शासनाची कृपा होती. कृपा आटली तर दाद मागावयास जागा नव्हती.

विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास १५ दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता. आणि खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर. अशा रीतीने शहरातील मिळवत्याचा भाग खेड्यातील मजुरापर्यंत नेण्याची सोय झाली. २००५ साली केंद्रानेही अशा हमीचा कायदा केला.

येथे नेतृत्वाची परीक्षा होते. जो पुढारी लोकांस आपल्या दाराशी बोलावून देतो, तो भूक शमवितो, पण भय राखतो. जो आपल्या पश्चातही टिकेल असा नियम करून जातो, तो भय हरतो. तथापि नियमही ग्रंथातच राहिला, मागणीची नोंदच झाली नाही, मजुरी वेळेवर मिळाली नाही, तर भय परत येते.

कोणी म्हणेल, हमीने मनुष्य आळशी होतो. पण ही हमी श्रमाची आहे, फुकट अन्नाची नव्हे.

आता मूळ प्रश्न. भिक्षुकाची निराधारता त्याने स्वतः स्वीकारलेली असते, म्हणून ती साधन होते. मजुराची निराधारता त्याच्यावर लादलेली असते; तिला वैराग्य म्हणणे हा शब्दाचा अपराध होय. शिवाय आपली भिक्षाही अशाच घरांतून येते. ज्या घरी उद्याचा घास निश्चित नाही, तेथील आजचा घास घेताना साधनवंताने हा विचार अवश्य करावा.