मर्कटकिशोराची मिठी

भक्तीचे प्रकार सांगताना आम्ही पुष्कळ वर्षे कीर्तनात दोन न्याय मांडीत आलो. मांजर पिलाला तोंडात धरून नेते, तो मार्जारकिशोरन्याय. माकडाचे पोर आपल्या बळाने आईच्या पोटाला बिलगते, तो मर्कटकिशोरन्याय. रामानुजमतात यावरून दोन पक्षच पडले. दुसऱ्या न्यायात सगळा पराक्रम पोराचा, असे आम्ही ठासून सांगत असू.

हल्ली तसे सांगताना जीभ अडखळते. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो या पंडिताने माकडांची पोरे आईपासून तोडून त्यांच्यापुढे दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. १९५८ साली त्याने ते छापले. दूध तारेच्या आईपाशी असले तरी पोर पिण्यापुरते तिकडे जाई, एरवी कापडालाच मिठी. (वात्सल्य मोजायला वात्सल्यच तोडावे, हे आम्हांस रुचत नाही, असो.) पुढे आईवाचून वाढलेल्या माद्या स्वतः आया झाल्या, तेव्हा कित्येकींनी पोटच्या पोराकडे पाहिले नाही, काही तर त्याला चावल्या. म्हणजे बिलगण्याचे बळ पोराचे खरे, पण बिलगायला कोणी तरी लागते! ज्याला कुणी कवळलेच नाही, त्याला 'भूतदया धर' असे कोणत्या तोंडाने सांगावे?

कुणी म्हणेल, ज्ञानोबामाउलींची भावंडे पोरकीच नव्हती काय? होती. पण आईबापांच्या कुशीत काही वर्षे काढून मग पोरकी झाली, आणि मागे निवृत्तिनाथ होते.

आमच्या घरचे सांगतो. सप्ताहांपायी वर्षाचे आठ महिने आम्ही बाहेर. धान्य, कपडे, वह्या कधी चुकल्या नाहीत; तारेच्या आईचे दूध तरी कुठे चुकले होते? थोरला तापाने फणफणला तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी मातृप्रेमावरच निरूपण करीत होतो. वारीत दिसेल त्याला माउली म्हटले, त्याला जवळ घेतल्याचे आठवत नाही. पुढे त्याची आई अंथरुणाला खिळली, तर हा उंबऱ्यातूनच "औषध घेतलंस का गं?" विचारून निघाला. आम्ही फार रागावलो. रात्री मात्र झोप आली नाही.

हार्लोचेच पुढचे काम वाचून थोडा धीर आला. १९७०च्या सुमारास त्याने व सुओमी नावाच्या सहकाऱ्याने एकांतात वाढून बिघडलेल्या माकडांजवळ लहान पोरे सोडली. त्यांना काय कळणार! ती नुसती बिलगत. काही महिन्यांत ती माकडे पुष्कळ सावरली.

गेल्या कार्तिकीला थोरला दीड वर्षाच्या लेकीला घेऊन आला. ती त्याच्या गळ्याला चिकटून झोपलेली. हात अवघडला असावा, म्हणून आम्ही म्हणालो, "दे इकडे, आम्ही घेतो."

"असू द्या, अण्णा," तो हळूच म्हणाला, "जागी होईल."