विरळ म्हणून मागे राहिलेले

जळगाव-धुळ्यात नीटची तयारी करणारी मुले अकरावीचे एनसीईआरटीचे जीवशास्त्र अक्षरशः तोंडपाठ करतात. त्यात चेतापेशींमधल्या विद्युत जोडणीच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात: वेगवान, पण आपल्या शरीरात विरळ. मग लगेच रासायनिक चेतासंधी सुरू होते. परीक्षेपुरते एवढे पुरते, पण या ‘विरळ’ गोष्टीवर माणसांनी हयात घालवली आहे.

फर्शपॅन आणि पॉटर या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये क्रेफिशवर प्रयोग करून दाखवले, की रसायनाच्या मध्यस्थीशिवाय संदेश थेट विजेने पलीकडे जातो. तरीही सस्तन प्राण्यांच्या मेंदूत त्याला फारसे स्थान नाही, हा समज बराच काळ टिकला. 1999 मध्ये उंदरांच्या प्रमस्तिष्क बाह्यकात, इतरांना आवर घालणाऱ्या चेतापेशी एकमेकींशी विजेने जोडलेल्या आढळल्या. तोवर ही जोडणी सापडली नव्हती, याचे एक कारण साधे: दोन शेजारी पेशींत एकाच वेळी इलेक्ट्रोड रोवल्याशिवाय ही जोडणी नीट पकडता येत नाही, आणि ते काम महाकठीण.

पवईच्या आयआयटी मुंबईत रोहित मनचंदा यांनी अशाच जोडणीचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. चेतांच्या हुकमावर आकुंचन पावणाऱ्या अरेखित स्नायूंत. ही जोडणी म्हणजे पेशींमधली नळी: सहा कनेक्सिन प्रथिनांची अर्धी नळी एका पेशीची, अर्धी शेजारणीची. दोन्ही जुळल्या, की एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात झिरपावे तसे आयन पलीकडे जातात. त्यामुळे एका पेशीतला इलेक्ट्रोड जे नोंदवतो, ते तिचे एकटीचे नसतेच. मनचंदांनी गिनीपिगच्या शुक्रवाहिनीवर हेप्टॅनॉल वापरले. ते या नळ्या बंद करते. नोंदीतली संथ, सलग लाट ओसरली आणि तिच्याखाली दडलेले सुटे, झटपट ठोके उघडे पडले. निष्कर्ष 1999 मध्येच प्रसिद्ध झाले.

 

पुढे त्यांच्या गटाने मूत्राशयाच्या स्नायूचे त्रिमितीय संगणकीय प्रतिरूप रचले. ते 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी वापरलेले ‘न्यूरॉन’ सॉफ्टवेअर फुकट मिळते. प्राणी आणि महागडी उपकरणे नसली, तरी जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातल्या साध्या संगणकावरही ते चालेल. खान्देशातल्या भौतिकशास्त्राच्या आणि संगणकाच्या मुलांनी या कामात शिरायला हवे, कारण करण्यासारखे बरेच आहे. अतिक्रियाशील मूत्राशय असलेल्या रुग्णाला वारंवार, अनावर लघवी लागते. बिघाड चेतांमध्ये असतो, स्नायूपेशीत असतो, की पेशीपेशींमधली जोडणीच बदललेली असते, याचा निकाल अजून लागलेला नाही.