अपौरुषेय यंत्र

हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन दुकान चालवत. दुकानातच पोस्टाचा काउंटर. एकदा हिशेब जुळवताना पडद्यावर सुमारे २,००० पौंडांची तूट दिसली. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून सांगतील तशा त्या कळा दाबत गेल्या आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. ती वाढीव रक्कमही त्यांच्याच अंगावर आली, कारण तूट पोस्टमास्तरांनी पदरमोड करून भरून काढावी, असा ब्रिटिश पोस्ट ऑफिसचा खाक्या होता. पुढे त्यांच्यावर चोरीचा आरोप ठेवण्यात आला. तुरुंग टळावा म्हणून त्यांनी खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. पोस्टाच्या तपासनिसाने मात्र चोरीचा पुरावा सापडला नाही, असं स्वतःच्याच अहवालात लिहून ठेवलं होतं.

१९९९पासून ब्रिटनभरच्या पोस्टांत बसवलेल्या या संगणकप्रणालीचं नाव होरायझन. ती पुरवणारी आणि सांभाळणारी कंपनी फुजित्सू. होरायझनच्या आकड्यांवर विसंबून २०१५पर्यंत ९००हून अधिक लोकांना दोषी ठरवण्यात आलं. सरेतल्या सीमा मिश्रा २०१०मध्ये तुरुंगात गेल्या तेव्हा त्या गरोदर होत्या. यॉर्कशायरमधल्या ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनी हेल्पलाइनला ९१ वेळा फोन केले. तरी सुमारे २५,००० पौंडांच्या तुटीचा दावा ते २००७मध्ये हरले आणि ३,२१,००० पौंडांच्या कोर्टखर्चाखाली त्यांचं दिवाळं निघालं.

हे सगळं ‘सॉफ्टवेअरमधली गडबड’ या सदरात टाकता येईल. पण न्यायालयात प्रश्न उभा राहिला तो दर्शनशास्त्रातला, आणि भारतात त्यावर शतकानुशतकं घासूनपुसून वाद घातला गेला आहे. ज्ञान प्रमाण कशाने ठरतं? मीमांसक म्हणतात, स्वतःच. कोणी खोडून काढेपर्यंत ते खरंच मानायचं. नैयायिकांना हे मान्य नाही. पाणी दिसलं म्हणजे पाणी आहे असं नव्हे. ते प्यायल्यावर तहान भागली, तर दिसलेलं खरं. प्रामाण्य बाहेरून तपासावं लागतं.

इंग्लंडच्या कायद्याने नेमकी हीच कूस बदलली. १९८४च्या कायद्यानुसार फौजदारी खटल्यात संगणकाचा पुरावा मांडायचा, तर यंत्र नीट चालत होतं हे दाखवावं लागे. ते कलम १९९९च्या कायद्याने काढून टाकलं. मग उलट गृहीतक आलं: संगणक बरोबर, जोवर कोणी शंकेला जागा दाखवत नाही तोवर. आता ती जागा दाखवायची कोणी? ज्याच्याकडे प्रणालीच्या आतल्या नोंदी नाहीत, त्या खेड्यातल्या पोस्टमास्तराने.

मीमांसक वेदांना अपौरुषेय मानतात. कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत. होरायझनच्या छापील कागदाला कोर्टात असंच स्थान मिळालं. प्रत्यक्षात त्याला कर्ते होते, आणि फुजित्सूचे कर्मचारी दूर बसून शाखांच्या हिशेबात हात घालू शकत होते. पोस्ट ऑफिस ते वर्षानुवर्षं नाकारत राहिलं. २०१५मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनच्या प्रकरणात पडदा अडकल्याने एन्टरची कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली आणि ८,००० पौंडांची एकच रक्कम चारदा नोंदली गेली.

तरीही सगळं खापर स्वतःप्रामाण्यावर फोडणं मीमांसकांवर अन्याय करणारं ठरेल. ज्ञानाला बाधक ज्ञान आडवं आलं किंवा त्याच्या कारणात दोष आढळला, तर ते सोडून द्यावं, हे मीमांसक कुमारिल भट्टांनाही मान्य आहे. आणि बाधक ज्ञान तर हेल्पलाइनवर रोज येऊन पडत होतं. आकडा चुकतोय म्हणणारा प्रत्येक फोन होरायझनच्या प्रामाण्याला धक्का देत होता. पण अनेकांना एकच उत्तर मिळालं: असं फक्त तुमच्याकडेच होतंय. शेकडो साक्षी एकाच ठिकाणी गोळा होत होत्या आणि साक्षीदारांना एकमेकांचा पत्ता नव्हता. ग्राहकसेवेचा फोन ही तक्रार सोडवण्याची सोय. इथे तो तक्रारी एकमेकींपासून तोडून ठेवण्याचं साधन झाला.

ही तुटलेली माळ पोस्टमास्तर अ‍ॅलन बेट्स यांनी ओवली. त्यांच्यासह ५५५ जण न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१९मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते, असा निकाल दिला. २०२१मध्ये अपील न्यायालयाने एका दिवसात ३९ शिक्षा रद्द केल्या. त्यांत हॅमिल्टन आणि मिश्राही होत्या. २०२४मध्ये संसदेने कायदा करून आणखी शेकडो शिक्षा पुसल्या. संगणकाबद्दलच्या त्या गृहीतकाचं काय करायचं, यावर ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५मध्ये मतं मागवली.

भारतीय कायदा या बाबतीत नैयायिकांच्या जवळ आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन खोतकर खटल्यात, उमेदवारी अर्ज किती वाजता दाखल झाले हे दाखवणारं व्हिडिओ चित्रीकरण पुढे आलं, पण चित्रीकरणाच्या यंत्राबद्दलचं सोबतचं प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं. मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल, तर असं प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये ठरवलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने त्यावर तज्ज्ञाचीही सही मागितली आहे. या प्रमाणपत्राच्या नमुन्यात उपकरणाची ओळख आणि हॅश मूल्य भरायचं असतं. त्या यंत्राबद्दल आजवर किती जणांनी फोन करून काय सांगितलं, याचा रकाना मात्र त्यात नाही.